पक्षाघातानंतर बाबा एका बाजूला रेटतात: मेंदूला ‘सरळ’ कसे कळते?

सोनचाफा:
माझ्या वडिलांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकून गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या अंगाला पक्षाघात झाला. खाटेच्या कडेला बसवले की ते धडधाकट उजवा हात गादीवर टेकवून स्वतःला डावीकडे, म्हणजे लुळ्या बाजूकडेच, रेटत नेतात. आम्ही सरळ करू लागलो की हात अधिकच ताठ होतो आणि ‘अरे, पाडताय मला’ म्हणून ते घाबरतात. बोलणे आणि समज उत्तम आहे. समोरच्या दाराची चौकट कललेली दिसते का, असे विचारले तर ‘नाही, सरळ आहे’ असे बिनचूक सांगतात. मग स्वतःचे शरीर कललेले आहे हे त्यांना का उमगत नाही? मेंदू गुरुत्वाकर्षणाची दिशा नेमकी कशावरून ओळखतो?

अंतर्वेध:
प्रत्येक कानाच्या आतल्या भागात यूट्रिकल आणि सॅक्यूल नावाच्या दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांतील संवेदक पेशींच्या तंतूंवर जेलीसारखा थर असतो आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक रुतलेले असतात. डोके कलले की स्फटिकांच्या भाराने तो थर किंचित घसरतो, तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मात्र एवढ्याने भागत नाही, कारण डोके मागे कलले काय किंवा शरीराचा वेग पुढच्या दिशेने वाढला काय, स्फटिक सारखेच मागे सरकतात, आणि या दोहोंत फरक करणे त्या अवयवाला भौतिकशास्त्राच्या नियमानेच अशक्य आहे. अंधाऱ्या रात्री विमान वेगाने झेपावत असताना त्याचे नाक आहे त्याहून अधिक वर गेल्याचा भास वैमानिकाला होतो, तो यामुळेच. त्या भासावर विसंबून त्याने नाक खाली दाबले तर अपघात ओढवतो.

म्हणून मेंदूस्तंभ आणि लहान मेंदू या संदेशाचा ताळा इतर माहितीशी घालतात: डोके फिरल्याचे सांगणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे, तळपाय आणि बैठकीवरचा दाब, सांधे आणि स्नायू. जर्मन संशोधक हॉर्स्ट मिटेलश्टेट यांच्या प्रयोगांत तर धडामध्येही, मूत्रपिंडांच्या आसपास, गुरुत्वाची जाणीव होत असल्याचे संकेत मिळाले. थोडक्यात, ‘उभे’ हा कोणत्याही एका अवयवाने दिलेला निकाल नाही; मेंदू तो हिशेबाने काढतो, आणि दिसणाऱ्या जगासाठी व स्वतःच्या शरीरासाठी हे हिशेब काही अंशी वेगळे असतात.

मी_फिजिओ:
पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर मी रोज काम करते. आपण लिहिलेले वर्तन ‘पुशर सिंड्रोम’शी जुळते, पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने १९८५ मध्ये त्याचे वर्णन केले. जर्मनीत कार्नाट आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा रुग्णांना कलणाऱ्या खुर्चीत, डोळ्यांपुढे काही दिसणार नाही अशा रीतीने बसवले. ‘आता मी सरळ आहे’ असे रुग्ण म्हणाले, तेव्हा ते मेंदूला इजा झालेल्या बाजूकडे सुमारे १८ अंश कललेले होते. डोळ्यांनी उभी रेघ मात्र त्यांना बरोबर ओळखता येत होती. थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या खोलात संवेदनांचे संदेश पुढे पाठवणारे केंद्र, त्याच्या मागच्या भागाला इजा झालेल्यांत हे विशेष आढळते. वडील हट्टाने असे करत नाहीत, हे घरातल्या सर्वांना कृपया नीट समजावून सांगा.

सोनचाफा:
पण बाबांची इजा उजवीकडे आहे. त्यांचे ‘सरळ’ उजवीकडे झुकले असेल, तर त्यांनी उजवीकडे जायला हवे. ते डावीकडे का रेटतात?

अंतर्वेध:
नेमके इथेच संशोधकांचे एकमत नाही. कार्नाट यांच्या मते, शरीर त्या चुकीच्या ‘सरळ’कडे, म्हणजे उजवीकडे, जाऊ लागले की तोल ढळतो आणि रेटणे ही त्यावरची प्रतिक्रिया असावी, डोळे आणि शरीर यांच्या साक्षीत पडलेली तफावतही कारणीभूत असावी. उलट फ्रान्समध्ये पेरेनू आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये असे आढळले की, रेटणाऱ्या रुग्णांना शरीराने जाणवणारी उभी दिशा लुळ्या बाजूकडेच कललेली असते आणि ते शरीर तिच्याशी जुळवून घेत असतात. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण त्यात रेटण्याची दिशा आपोआप उलगडते. मात्र त्यांच्या रुग्णांत डोळ्यांनी ठरवलेली उभी रेघही त्याच बाजूला कलत होती. आपल्या वडिलांना चौकट सरळ दिसते, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण उजेडात भिंती आणि खिडक्या यांचा आधार मिळतो. खरी चाचणी अंधारात एकच उजळ रेघ उभी करायला सांगून होते. निरोगी माणूस त्यात साधारण दोन अंशांच्या आत राहतो.

मी_फिजिओ:
कारण कोणतेही असो, त्यांना जोराने ओढून सरळ करू नका. त्याने प्रतिकार वाढतो. दाराच्या चौकटीसमोर बसवून ‘चौकट उभी आहे, तुम्ही तिच्याशी जुळता का?’ असे विचारा, म्हणजे कल त्यांना स्वतःला दिसेल. मग उजव्या बाजूला थोड्या अंतरावर चष्मा किंवा पेला धरा आणि उजव्या हाताने घ्यायला सांगा. हात गादीवरून उचलला की रेटणे थांबते आणि भार उजवीकडे येतो. डाव्या बाजूला एकाने कायम थांबावे. बहुतेक रुग्णांत हा प्रकार सहा महिन्यांत मावळतो.