मदत हवी आहे : क्रोशाच्या टॉपची किंमत कशी ठरवता?

नमस्कार मैत्रिणींनो,

क्रोशाच्या टॉपना सध्या खूप मागणी आहे. मला ते सुती धाग्यातच विणायचे आहेत. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. पण सुती धागा महाग पडतो आणि धुतल्यावर टॉप वजनाने ओघळतो.

खरं क्रोशाकाम यंत्रावर होत नाही, म्हणजे दुकानातला स्वस्त टॉपही खरा क्रोशाचा असेल तर कुणीतरी हातानेच विणलेला असतो! आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस विणतात, मजुरी मात्र तुटपुंजी. मला त्या भावात विकायचं नाही.

तुम्ही मजुरी तासावर लावता की धाग्याच्या वजनावर? ओघळू नये म्हणून कोणता धागा, कितव्या नंबरची सुई? मुके खांब (क्रोशाचे आखूड, घट्ट टाके) घातले तर फरक पडतो का? पुण्यात किलोवर सुती धागा कुठे मिळेल?