विषय: एक्स्चेंजचं वर्ष, पार्टटाइम काम आणि बेदाणा

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑक्टोबरपासून वर्षभर एक्स्चेंजवर जर्मनीत तुमच्या शहरात येतेय. घर तासगावजवळ, द्राक्षबाग आहे. बाबांनी यंदाचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवलाय, सणासुदीला दर चढेल म्हणून थांबलेत. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि मग महिन्याला ठरलेलेच पैसे सुटतात त्या खात्याला, ११,९०४ युरो लागतात. मी त्यांना म्हणतेय, निम्मे भरा, माल काढू नका, उरलेले मी तिथं काम करून मिळवते. जमेल का हे?

---

अगं, मी मिरजेची. याच वाटेनं इथं आले, म्हणून लगेच लिहायला बसले.

निम्मे भरून चालत नाही. स्कॉलरशिप असेल तर तेवढी वजा होते, पण बाकी सगळी रक्कम व्हिसाच्या वेळीच दाखवावी लागते. पुढं मिळेल त्या पगारावर तिथं कुणी विसंबत नाही. तूही विसंबू नकोस. मला पहिले दोन महिने एक युरोसुद्धा मिळाला नाही. पत्त्याची नोंदणी, टपालानं येणारा टॅक्स नंबर, बँक, यातच नोव्हेंबर संपला.

आता हिशेब बघ. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीची, मर्यादा महिना ६०३ युरो. म्हणजे महिन्याला ४३ तास, आठवड्याला साधारण दहा. अकाउंटमधून महिन्याला सुटतात ९९२. मिनीजॉबवर महिना निघत नाही, हातभार मात्र चांगला लागतो. जास्तही करता येतं, वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. चार तासांपर्यंत अर्धा दिवस. विद्यापीठातच सहायकाचं काम मिळालं तर ते या दिवसांत धरत नाहीत, म्हणून आधी तिथं विचार.

काम मात्र जरूर कर. मी पहाटे साडेपाचला बेकरीत उभी राहायचे. क्लासमध्ये शिकलेलं जर्मन पहिल्याच गिऱ्हाइकापुढं आटलं. पण रोज येणाऱ्या एक आजी हळू बोलायच्या, चुकलेला शब्द परत म्हणून घ्यायच्या. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा दिली ती त्यांच्या जिवावर.

त्याआधी एका हॉटेलात तोंडी बोलीवर राबले, शेवटच्या महिन्याचा पगार बुडाला. आजही राग येतो. लेखी करार घे आणि तास रोज वहीत मांड.

आणखी एक. भडंग करून विकणं किंवा गावाकडच्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेणं हा स्वतःचा धंदा धरतात, वेगळ्या परवानगीशिवाय करायचा नाही. आपल्यातलंच कुणी मायेनं म्हणेल, 'फराळाला हाताखाली ये, रोख देतो.' तरी नाही म्हण. निस्तरावं तुलाच लागेल.

---

ताई,

बाबांना मेल वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, निम्मा माल येत्या सौद्यात काढू, उरलेल्यावर तारण कर्ज बघू, तू पैशाचं डोक्यात घेऊ नकोस. उद्या आम्ही मार्केट यार्डात जातोय.

माझी जर्मनची ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीची, परीक्षा झालीय. बेकरीतल्या पावांची नावं पाठवाल का? आत्तापासून पाठ करते.