'कुशिटिक वंश' म्हणावे का?

प्रश्न : मलिक अंबरवरच्या एका लेखात 'कुशिटिक वंशाचा हबशी' असे वाचले. इथिओपिया-सोमालियाकडचे सोमाली, ओरोमो, अफार हे सगळे मिळून एक वंश आहे का? रामपुत्र कुशाशी याचा काही संबंध?

उत्तर : कुशिटिक हे भाषाकुलाचे नाव आहे. आफ्रो-आशियाई कुळाच्या या शाखेत ओरोमो, सोमाली, अफार, सिदामा, बेजा आणि थेट टांझानियातली इराक्वसुद्धा येते. नाव बायबलातल्या हामच्या मुलावरून, कुशवरून पडले. रामाच्या कुशाशी नाते नाही. सुदानातल्या प्राचीन कुश राज्याचे नावही तेच, पण तिथली मेरोइटिक भाषा बहुतेक अभ्यासक या शाखेत धरत नाहीत.

'वंश' हा शब्द मात्र इथे कृपा करून वापरू नये. त्याने फार अनर्थ केला आहे. युरोपीय लेखकांनी या भाषा बोलणाऱ्या लोकांना 'हॅमिटिक', म्हणजे हामचे वंशज, ठरवले : रंगाने सावळे, पण मूळचे गोऱ्यांचेच भाऊबंद, आणि आफ्रिकेत जी काही राज्ये उभी राहिली ती यांनीच उभारली! ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ सेलिगमनने १९३० साली हेच पुस्तकात मांडले. बेल्जियन अधिकाऱ्यांनी ते रवांडातल्या तुत्सींना लावले, आणि तुत्सी तर बांटू, म्हणजे अगदी वेगळ्या कुळातली, भाषा बोलतात. पुढे १९९४च्या तुत्सींच्या हत्याकांडाआधी तोच समज त्यांच्यावर उलटवून 'हे इथिओपियातून आलेले उपरे, यांना तिकडेच धाडा' असा प्रचार झाला. 'हॅमिटिक' हे कूळ भाषाशास्त्रातून अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्गने मोडीत काढले.

आणखी एक : इथिओपियातल्याच अम्हारा लोकांची भाषा सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या शाखेतली), ओरोमोंची कुशिटिक; जनुकीयदृष्ट्या मात्र दोघे अगदी जवळचे. मग वंशाची रेघ ओढणार कुठे?

प्रश्न : मग अंबरला नुसते हबशी म्हणावे?

उत्तर : दख्खनच्या इतिहासात चालेल. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द इथे इथिओपियाच्या बाजूच्या कुणालाही लागत असे. आजच्या इथिओपियात 'हबेशा' म्हणजे मुख्यतः अम्हारा आणि तिग्रायन; पुष्कळ ओरोमो स्वतःला त्यात धरत नाहीत. अंबरचे लहानपणीचे नाव चापू. कुणी त्याला ओरोमो मानतात, कुणी दक्षिण इथिओपियातल्या कंबाटाचा. दोन्ही भाषा कुशिटिकच, तेव्हा 'कुशिटिक भाषक समाजात जन्मलेला' असे लिहिता येईल. जुन्या पुस्तकांतला 'गल्ला' हा शब्द मात्र उचलू नका, ओरोमोंना तो अपमानाचा वाटतो.