पानिपत सिनेमा बघून आलात? आपापले अनुभव सांगा (डिसेंबर २०१९)

मोहोर
काल अप्पांना घेऊन पानिपत बघायला गेले. अप्पा म्हणजे माझे वडील, वय ७९, गेली दहा वर्षं थेटरात पाऊल नाही, पण पेपरातली जाहिरात बघून स्वतःहून म्हणाले, "चल, बघू तरी गोवारीकरने काय केलंय."
विश्वास पाटलांचं पुस्तक ८८ साली आलं, अप्पांनी पुढच्या वर्षी घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज रात्री जेवणं झाली की आम्हा दोघा भावंडांना वाचून दाखवायचे. पेशव्यांचा मुलगा विश्वासराव लढाईत पडला त्या रात्री माझा धाकटा भाऊ इतका रडला की आईने पुस्तक उचलून कपाटावर टाकलं. संपलं वाचन. शेवटची पानं मी कॉलेजात गेल्यावर एकटीने वाचली.
तर काल लढाई सुरू झाली, विश्वासराव मैदानात उतरला आणि अप्पा उठले. मला वाटलं बाथरूमला जायचं असेल. तर म्हणाले, मी बाहेर बसतो, तू बघून ये. मी पण उठायला लागले तर ओरडले, बस गं, पैसे दिलेत. मग कसला सिनेमा बघतेय मी. बाहेर आले तर बाकड्यावर पार्किंगची पावती हातात धरून बसलेले. गाडीत विचारलं कसा वाटला, तर "सेट छान होते." बास. घरी येऊन वरणभात खाल्ला आणि झोपले.
मला रात्रभर ते कपाटावरचं पुस्तक आठवत होतं. म्हणून म्हटलं विचारावं. आवडला नाही आवडला सगळं चालेल, फक्त परीक्षण नको, ते पेपरात भरपूर आलंय. कोणाबरोबर गेलात, काय झालं ते लिहा.

रिकामटेकडा
मी पहिला! आत्ता बसमध्ये आहे, घरी जाऊन सविस्तर लिहितो.

केळफूल
आम्ही शनिवारी गेलो. नवऱ्याला खरं तर पती पत्नी और वो बघायचा होता, म्हटलं पती पत्नी रोज बघतोसच की घरी, चल मुकाट्याने.
मला आवडला. क्रिती चक्क छान वाटली, नऊवारी सांभाळली तिने. अर्जुन कपूर मात्र पहिला अर्धा तास सदाशिवरावभाऊ वाटतच नव्हता, नंतर सवय झाली म्हणा.
पण खरा किस्सा लेकाचा. तो चौथीत. चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराज, त्यामुळे त्याच्या डोक्यात पक्कं की इतिहास म्हणजे आपण जिंकतो. पूर्ण पिक्चरभर निवांत होता. शेवटी शेवटी माझ्या कानाशी येऊन, "आई, पण आता मदत येते ना?" मी काय सांगणार. पॉपकॉर्न दिलं हातात. घरी येईपर्यंत एकच प्रश्न, मग पुण्याहून कोणी का नाही आलं. गुगल करून सांगितलं, अरे निघाले होते नानासाहेब पेशवे, पण उशीर झाला. तर म्हणतो, तुझ्यासारखा?

बंड्या_१९७१
हाहाहा केळफूल ताई, पोरगा हुशार आहे

उंटावरचा शहाणा
परीक्षण नको म्हणालात म्हणून हात आवरता घेतो पण एक सांगू दे. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१. त्या दिवशीच्या लढाईचा सगळा जीव कशात आहे तर गोलात. म्हणजे बाहेरून तोफा आणि गारदी (बंदूकवाले पायदळ), मधे बायका पोरं यात्रेकरू बुणगे (न लढणारी माणसं), आणि हा सगळा गोल लढत लढत दिल्लीकडे सरकवायचा असा बेत. दुपारपर्यंत इब्राहिमखानाच्या तोफांनी समोरच्यांची दाणादाण उडवली होती, आणि तेवढ्यात आपले सरदार विंचूरकर आणि गायकवाड गोल मोडून पुढे घुसले, आपलेच लोक आपल्या तोफांपुढे, मग तोफा डागणार कशा? हे जर प्रेक्षकाला नकाशा काढून दाखवलं असतं ना तर नाच गाणं काही लागलं नसतं. मला थेटरात धूळ आणि घोडे दिसले. मी सलग तीन वेळा हळू आवाजात "गोल, गोल दाखव" म्हणालो तर पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, काका गोल फुटबॉलमध्ये असतो.

केळफूल
😂😂 ती बाई मी असते तर बरं झालं असतं

मुंबईची फौजदारीण
मी तर फक्त रवींद्र महाजनींसाठी गेले!! मल्हारराव होळकर!! पांढरी दाढी, पण डोळे तेच. आणि गश्मीर जनकोजी. बापलेक एकाच सिनेमात. माझ्या बहिणीने कॉलेजात असताना त्यांचा फोटो रसायनशास्त्राच्या वहीत ठेवला होता, वडलांना सापडला, वडलांना वाटलं हा कोण मुलगा, दोन दिवस घरात अबोला 😄 तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली किती मिनिटं आहे? म्हटलं थोडाच वेळ. म्हणाली मग टीव्हीवर आल्यावर बघते.

अनामिक विश्वास
माझं नाव खरंच विश्वास. आता कळलं असेल मी काय भोगलंय. शाळेपासून कोणी उसने पैसे मागितले, वही मागितली, की ठरलेलं वाक्य, "विश्वास? तो तर पानिपतात गेला." लग्नात उखाण्यात पण मेव्हणीने टाकलं होतं. मित्रांनी मुद्दाम ग्रुप बुकिंग करून मला मधे बसवलं. तो प्रसंग आला तशी आठ टाळकी एकदम माझ्याकडे बघायला लागली. एकाने माझ्या हातातला पॉपकॉर्नचा डबा काढून घेतला, म्हणे तुला आता काय उपयोग.
पण खरं सांगू का, त्यानंतर कोणी हसलं नाही. बाहेर येऊन सगळे चहा पीत गप्प. शेवटी मीच म्हटलं अरे मी जिवंत आहे, बिल कोण देतंय.

मोहोर
@अनामिक विश्वास, माझ्या भावाला तुमचा प्रतिसाद पाठवते आत्ताच.

साधासुधा
मला एक कळत नाही, आपण हरलेल्या लढाईवर एवढे पैसे घालून सिनेमा कशाला करायचा. बाजीराव, राणोजी, अटकेपार झेंडे, एवढं सगळं पडलंय.

बंड्या_१९७१
अहो पुढच्या महिन्यात तान्हाजी येतोय की, १० जानेवारीला. तो बघा.

साधासुधा
त्यात पण तानाजी जातातच की

बंड्या_१९७१
हां, ते आहे.

गारद्याचा पणतू
नाव गंमत म्हणून घेतलंय, पणतू वगैरे काही नाही, पण आडनाव मुसलमान आहे. मराठी शाळेत शिकलो, वर्गात मी एकटाच. स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक असलं की शत्रूचा सरदार ठरलेला, कोण तर मी. अफझलखान झालो, शाहिस्तेखान झालो, बोटं तुटली. सातवीत पानिपत बसवलं तेव्हा मी आपला न विचारता अब्दालीच्या रांगेत जाऊन उभा. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, इकडे ये, तू इब्राहिमखान. मला माहीतच नव्हता हा माणूस. घरी जाऊन अब्बांना विचारलं, त्यांना पण नव्हता माहीत. मग बाईंनीच सांगितलं की त्याला तिकडून बोलावणं होतं तरी गेला नाही, भाऊच्या बाजूने लढला आणि पकडला गेल्यावर हाल करून मारला. माझं वाक्य एकच होतं नाटकात. ते मी आठ दिवस न्हाणीघरात पाठ करत होतो.
परवा बायकोला घेऊन गेलो, नवाब शाह आहे त्या भूमिकेत, धिप्पाड माणूस. बायकोला म्हटलं हा रोल मी केलाय. ती म्हणाली, तुमची उंची बघता पटत नाही.

मधुमालती
गारद्याचा पणतू, फार आवडलं. ते एक वाक्य काय होतं?

गारद्याचा पणतू
"भाऊसाहेब, तोफा तयार आहेत." 🙂 त्या दिवशी आवाज फुटला होता, तयार वर चिरकला.

फौजीची बायको
मी सिनेमा नाही बघितला, इथे आमच्याकडे लागलाच नाही, पण पानिपत बघितलंय. हे अंबाल्याला होते तेव्हा दिल्लीला जाता येता पानिपत हायवेवर दर वेळी दिसायचं आणि ह्यांची घाई, दिल्लीत ट्रॅफिक लागेल, पुढच्या वेळी थांबू. शेवटी बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी गाडीत बसायलाच तयार नाही, म्हटलं आज काला आंब, म्हणजे लढाईचं स्मारक, बघितल्याशिवाय मी पुढे येत नाही. वीस मिनिटं मिळाली. गावाबाहेर आहे ते. विटांचा खांब, लोखंडी कुंपण, आणि पलीकडे पोरं क्रिकेट खेळत होती. एक आंब्याचं झाड होतं म्हणतात तिथे, रक्ताने काळं पडलेलं, ते आता नाही. मला वाटलं होतं मी रडेन बिडेन. तसं काही झालं नाही. मी फक्त बघत राहिले की हे किती सपाट आहे. आपल्या डोक्यात लढाई म्हणजे डोंगर, खिंड, घाट, किल्ला. तिथे नजर जाईल तिथपर्यंत गहू. एक टेकाड नाही मागे लपायला. सह्याद्रीतली माणसं तिथे उभी राहिली असतील, पोटात अन्न नाही, थंडी म्हणजे तिथली जानेवारीची थंडी काय असते ती मी तीन वर्षं काढलीये, दोन स्वेटर घालून सुद्धा दात वाजतात. आणि ही माणसं दक्षिणेतल्या कपड्यांवर. शाळेत गनिमी कावा का नाही केला म्हणून वाद घालायचो ना, तिथे उभं राहिलं की तोंड बंद होतं.
मग ढाब्यावर जेवलो, मालकाने विचारलं कुठले, म्हटलं महाराष्ट्र, तर म्हणाला हम भी मराठे हैं जी. रोड समाजाचे होते ते, त्या भागात पुष्कळ आहेत, स्वतःला पानिपतातून मागे राहिलेल्यांचे वंशज मानतात. रोट्यांचे पैसे घेतले, लस्सीचे घेतले नाहीत. आणि हो, पचरंगा लोणचं नक्की आणा कोणी गेलात तर. ब्लँकेटं पण स्वस्त.

मधुमालती
ताई लोणचं किती टिकतं? आणि त्यात लसूण असतो का, सासूबाई खात नाहीत.

फौजीची बायको
वर्षभर आरामात. बिनलसणाचं पण मिळतं, विचारून घ्यायचं. तेल मोहरीचं असतं, ते चालतं का बघा आधी.

उंटावरचा शहाणा
फौजीची बायको, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझं गोल प्रकरण मागे घेतो. अर्धं.

जयपूरकर पुणेकर
इकडे वातावरण तापलंय. भरतपूरच्या राजा सूरजमलना आग्र्याचा किल्ला मागताना दाखवलंय त्यावरून मोर्चे, काल एका थेटरात तोडफोड पण झाली. ऑफिसातले भरतपूरचे दोघं माझ्याशी दोन दिवस नीट बोलत नव्हते, जणू सिनेमा मीच काढला. शेवटी डबा खाताना मीच विषय काढला. म्हटलं, आमच्याकडे वाचलेल्यांच्या तोंडी सूरजमलांचं नाव चांगलंच आहे, पानिपतातून जखमी, उपाशी लोक परत निघाले तेव्हा त्यांनी आणि राणी किशोरीने खाऊ घातलं, कपडे दिले, आसरा दिला. तर तो म्हणाला, मग ते का नाही दाखवलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुरमा दिला मात्र त्याने.

साधासुधा
राजकारण नको धाग्यात प्लीज, गेल्या महिन्यात झालं तेवढं पुरे आहे वर्षभर

मधुमालती
+१. त्यापेक्षा कांद्यावर बोला. शंभरी पार. थेटरातला समोसा परवडतो पण कांदाभजी नाही.

केळफूल
एक विचारू, हा गोवारीकर म्हणजे तोच ना शाहरुखच्या सर्कस सिरियलमधला? नवरा पैज लावतोय नाही म्हणून.

बंड्या_१९७१
तोच! जिंकलात.

मुंबईची फौजदारीण
आणि लगान करणारा पण तोच. पावणेचार तासांचा सिनेमा, एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं. इथे बघितलं, इंटरव्हलच्या आधी दोनदा. पण मर्द मराठाला अजय-अतुलचे ढोल वाजले तेव्हा माझे पाय थांबत नव्हते, शेजारच्या आजोबांच्या काठीला लागले.

मोहोर
सगळ्यांचे प्रतिसाद अप्पांना संध्याकाळी वाचून दाखवले. बऱ्याच दिवसांनी मी वाचतेय आणि ते ऐकतायत असं झालं. गोलाचं वाचल्यावर म्हणाले, "हा शहाणा बरोबर आहे, पण विंचूरकरांना एकट्यांना दोष देऊ नको म्हणावं." सपाट मैदानाचं वाचलं तेव्हा डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "गहू होता का?" म्हटलं हो, असं लिहिलंय त्यांनी. इब्राहिमखानाच्या नाटकाचं परत एकदा वाचायला लावलं.
भावाला फोन केला. म्हटलं सिनेमा बघ. म्हणतो, मी नाही. चाळिशी उलटलीये त्याची. मग जरा वेळाने त्याचाच मेसेज आला, अप्पा कितव्या मिनिटाला उठले?

उंटावरचा शहाणा
अप्पांना साष्टांग. विंचूरकरांबद्दल त्यांच्याशी एकदा फोनवर बोलायला आवडेल.

मोहोर
नक्की, पण दुपारी दोन ते चार सोडून.

रिकामटेकडा
आत्ता सगळं वाचलं. उद्या सकाळच्या शोचं तिकीट काढलं होतं मी. जाऊ का नको?

केळफूल
जा हो.

साधासुधा
नका जाऊ.

अनामिक विश्वास
जा, पण मधल्या सीटवर बसू नका.