मदत हवी आहे: मागचे पाय उचलू न देणारी बुजरी घोडी आणि तोंडावर आलेला पावसाळा

नमस्कार. आम्ही वाई तालुक्यात, पसरणी घाटाच्या पायथ्याच्या बाजूला शेतावर राहतो. आमच्याकडे सध्या दोन जनावरे सांभाळायला आली आहेत. एक म्हातारे, शांत तट्टू आहे, ज्याने पर्यटकांना पाठीवर घेऊन आयुष्य काढले. दुसरी कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या पायांची घोडी आहे. दातांवरून पशुवैद्यकांनी तिचे वय बारा वर्षांच्या आसपास ठरवले आहे. ती आधी वरातीत नाचवली जात होती आणि नंतर शर्यतीच्या गाडीला जुंपली जात होती. काम होईना तेव्हा मालकाने तिला मोकळे सोडून दिले, गावकऱ्यांनी पोलिसांना कळवले आणि रीतसर लेखी होऊन ती आमच्याकडे आली. प्रश्न तट्टाचा नाही, घोडीचा आहे, आणि तो आता एका ठरावीक जागी येऊन अडला आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

घोडी आली तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. उपाशी घोड्याला एकदम हरभरा किंवा भरडा घातला तर रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून जिवावर बेतू शकते, असे डॉक्टरांनी बजावले असल्यामुळे सुरुवातीला थोडा थोडा लसूणघास दिवसातून अनेकदा आणि सोबत वाळले गवत एवढेच ठेवले. धनुर्वाताची लस दिली. ग्लँडर्ससाठी रक्ताचा नमुना पाठवला आणि अहवाल निर्दोष येईपर्यंत तिला तट्टापासून वेगळे ठेवले, कारण हा रोग माणसालाही होतो आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९च्या कायद्यानुसार त्याची सूचना सरकारला देणे बंधनकारक आहे. हे सर्व सुरळीत पार पडले. आता अंग भरले आहे आणि केसांना चकाकी आली आहे.

भीतीच्या बाबतीतही बरीच प्रगती आहे. पहिल्या काळात कोणी कुंपणाच्या आत पाऊल टाकले की ती पलीकडचा कोपरा गाठायची. म्हणून आम्ही तिच्याकडे जाणेच थांबवले. मी घमेल्यात वैरण घेऊन आत बसत असे, तट्टू येऊन खात असे आणि ती लांबून पाहत असे. तट्टाने माझ्या हाताखाली मान दिलेली पाहून ती जवळ येऊ लागली, असे माझे मत आहे. घरातील बाकीच्यांच्या मते हे श्रेय केवळ लसूणघासाचे आहे. समोरून किंवा थेट मागून न जाता खांद्याच्या रोखाने तिरके, तिला दिसत राहील असे जायचे, आणि कान मागे पडले किंवा मान ताठ झाली की आपणच एक पाऊल मागे घ्यायचे, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. आता मानेला आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खरारा करू देते. तिथे खाजवले की तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागतो आणि डोळे अर्धे मिटतात. पुढचे दोन्ही पाय उचलू देते. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात तेव्हा अजूनही बुजते, पण पळत सुटत नाही.

अडचण आहे ती मागच्या पायांची. माझा हात कुशीच्या मागे सरकला की अंगावरची कातडी थरथरते, शेपूट दाबून घेतली जाते, आणि तरीही हात पुढे गेला तर ती दुगाणी झाडते. दोन्ही मागच्या पायांवर खुरांच्या थोडे वर, पिछाडी (मागच्या पायांची दोरी) बांधतात त्याच जागी, पांढऱ्या केसांचे कडे उमटले आहे. कुमैत जनावराचे पाय काळे असतात, त्यामुळे ते लांबूनही दिसते. दोरीने खोल जखम होऊन गेल्यावर केस असे पांढरे उगवतात, असे डॉक्टरांनी सांगितले. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांनाही जुने वण आहेत. काटेरी लगामावर ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो वापरात असतोच. या वणांमुळे आम्ही सर्व असे धरून चाललो आहोत की, तिला मागे हात लावलेला नको असण्याचे कारण बांधल्याची आठवण हेच असावे.

आता घाई अशासाठी की मागचे खूर फार वाढले आहेत. पुढून लांब झाले आहेत, कडा फाटू लागल्या आहेत आणि एका पायाच्या तळाला कुजल्यासारखा वास येतो. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासले पाहिजेत असे सर्वत्र सांगितले जाते. आमच्याकडे मागच्या पायांना आल्यापासून कानस लागलेली नाही, आणि एकदा पाऊस सुरू झाला की वाईच्या चिखलात हे दुखणे वाढणार. नालबंद अनुभवी आहेत. त्यांचे म्हणणे असे की ओठाला दोरीचा पीळ घालावा आणि तेवढ्याने भागले नाही तर घोडीला पाडून काम उरकावे. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, जनावर विसरून जाते. मला ती विसरेल असे वाटत नाही. परंतु खूर तसेच ठेवणे हीसुद्धा तिच्यावर दया नव्हे.

तेव्हा माझे विचारणे असे आहे. पीळ घालणे किंवा पाडणे यांमुळे आतापर्यंत मिळवलेला विश्वास पुरता जातो का? गुंगीचे औषध देऊन खूर तासणे सुरक्षित आहे का, आणि असेल तर आमच्या भागात ते कोणाकडून करून घ्यावे? आणि पाय हाताळण्याची सवय नेमकी कोणत्या क्रमाने लावावी? पुढच्या पायांना लागू पडलेली पद्धत मागे उपयोगी पडत नाही, कारण तिथे माझे डोकेच लाथेच्या टप्प्यात येते.

प्रतिसाद (फलटण)

ताई, रोखठोक लिहितो, राग मानू नये. आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत. खूर वाढलेले जनावर म्हणजे रोज दुखणारे जनावर. तुमचे नालबंद अनुभवी असतील आणि जमीन मऊ असेल, तर एकदा पाडून काम करून घ्यावे आणि मग हवे तितके महिने लाड करावेत. विश्वास परत मिळतो, पण बिघडलेला पाय परत मिळत नाही.

प्रतिसाद (कराड, पशुवैद्यक)

फलटणकरांची तातडी बरोबर आहे, मार्ग मात्र मला पटत नाही. शुद्धीवर असलेल्या आणि आधीच दोरीला घाबरलेल्या घोडीला पाडताना ती जी धडपड करते, तिच्यात पाठीला किंवा पायाला इजा होण्याची शक्यता असते, आणि पाडणाऱ्या माणसांनाही धोका असतोच.

ओठाच्या पिळाविषयी सांगायचे तर, त्याचा परिणाम वेळेवर अवलंबून असतो. मोजमाप करून पाहिले असता पहिली सुमारे पाच मिनिटे हृदयाचे ठोके कमी झालेले आढळतात आणि त्यानंतर ते वाढू लागतात, म्हणजे पुढे घोडी शांत नसते, केवळ अडकलेली असते. दोन मागचे खूर पाच मिनिटांत होत नाहीत. कान पिळण्याने तर ठोके सुरुवातीपासूनच वाढतात. ते कोणीही करू नये.

गुंगीचे औषध देणे म्हणजे हार मानणे नव्हे. नेहमीच्या वापरातले झायलाझिन शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत मान खाली जाते आणि नालबंदाला पुरेसा वेळ मिळतो. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. हे इंजेक्शन पशुवैद्यकानेच द्यावे, आधी हृदय तपासून आणि वजनाचा अंदाज घेऊन. गुंगीतला घोडाही अचानक आणि अचूक लाथ मारू शकतो, म्हणून नालबंदाने गाफील राहू नये. आणि पूर्ण जाग येईपर्यंत तोंडापुढे वैरण ठेवू नये, घास घशात अडकतो. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फोनवर विचारून मार्गदर्शन घ्यावे. प्रवास करणे तिला शक्य नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते.

परंतु त्याआधी माझा एक प्रश्न आहे. पायावरच्या पांढऱ्या कड्यांमुळे तुम्ही सर्वांनी कारण भीती हेच धरले आहे. घोड्याचा एक मागचा पाय उचलला की मागचा सगळा भार दुसऱ्या पायावर येतो. तो दुसरा पाय दुखत असेल, तर कितीही विश्वास बसला तरी घोडी पाय देणार नाही. ती कोणता पाय देण्यास जास्त विरोध करते, आणि स्वस्थ उभी असताना कोणता पाय टेकवून सैल सोडते? निरोगी घोडा दोन्ही मागच्या पायांना आलटून पालटून विसावा देतो. शिवाय पाय हाताळताना तिच्या चेहऱ्याकडे पाहावे: कान ताठ होऊन मागे वळणे, डोळ्यांवरचा भाग आक्रसणे, जबड्याचे स्नायू वर उठून दिसणे, नाकपुड्या ताणणे. ही चिन्हे २०१४ साली घोड्यांच्या वेदना मोजण्याच्या पद्धतीत एकत्र मांडली गेली. ती केवळ वेदनेत नव्हे, घाबरल्यावरही थोडीफार दिसतात, म्हणून कोणी जवळ नसतानाही ती दिसतात का हे लांबून पाहणे अधिक उपयोगाचे.

प्रतिसाद (मिरज)

आमच्या वडिलांचा मिरजेत टांगा होता, त्यामुळे पायाच्या सवयीबद्दल तेवढे लिहितो. मागच्या पायाला पहिला स्पर्श हाताने करूच नये. सहा फुटी वेळूच्या काठीच्या टोकाला जुन्या हातमोज्यात चिंध्या भरून बांधावे आणि खांद्यापाशी, तिची नजर जाईल असे उभे राहून त्या मोज्याने आधी तिच्या आवडत्या जागी खाजवावे. मग पाठीवरून पुठ्ठ्यावर, तिथून मांडीवर. जिथे कातडी थरथरेल तिथे मोजा आणखी पुढे नेऊ नये आणि झटकन काढूनही घेऊ नये. तिथेच हलका ठेवून थांबावे, आणि ती श्वास सोडेल किंवा मान खाली करेल त्या क्षणी काढून घ्यावा. लाथ मारल्यावर काढला तर लाथ मारली की सुटका होते, हेच ती शिकेल. ती सैल होत नसेल तर आपण फार पुढे गेलो असे समजावे आणि एक वीत अलीकडून पुन्हा सुरुवात करावी.

मोजा खुरापर्यंत मुकाट्याने पोहोचू लागला की मग हात. पहिल्यांदा पाय उचलणे मागूच नये. तिने नुसता भार दुसरीकडे टाकला तरी वैरणीचा घास द्यावा, तोही घमेल्यातून. हातातून दिल्यास काही जनावरे खिसे हुंगू लागतात आणि चावरी होतात. पुढे टाच उचलली तर घास, मग खूर जमिनीपासून चार बोटे वर. तिने ओढून घेण्याआधी आपणच खाली ठेवायचा. आमचे वडील पाय कधीही उंच धरत नसत. म्हाताऱ्या किंवा आखडलेल्या घोड्याला उंच धरलेला पाय सहन होत नाही आणि तो लाथ मारतो असा आळ मात्र त्याच्यावर येतो.

नालबंदांना काही वेळा नुसते चहाला बोलवावे. त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही न पाहता लांब बसून लाकडावर कानस घासावी आणि ती खात असताना तो आवाज तिच्या कानांवर पडू द्यावा. अनेक घोडी माणसापेक्षा त्या आवाजाला बुजतात.

धागाकर्ती (वाई)

सर्वांचे आभार. मिरजकर काका, वेळूची काठी आजच तयार करते.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नानंतर दोन्ही वेळच्या वैरणीच्या वेळी कुंपणाबाहेरून लक्ष ठेवले. ती विसावा देते तो पाय कायम उजवाच असतो. डावा टेकवून सैल सोडलेला मला एकदाही दिसला नाही. उचलण्याला सर्वांत जास्त विरोध मात्र डाव्या पायाचा आहे. दुगाण्या झाल्या त्या बहुतेक डाव्या बाजूने हात गेल्यावर झाल्या. उजव्या मांडीला ती थोडा वेळ हात लावू देते. कुजल्यासारखा वास येतो तो खूरही उजवाच आहे.

प्रतिसाद (कराड, पशुवैद्यक)

मग चित्र बदलते. उजव्या पायावर पूर्ण भार घेणे तिला सोसत नसावे आणि म्हणून ती डावा देत नसावी, अशी शंका घेण्यास पुरेसा आधार आहे. भीती असेलच, ती वेगळी. आता क्रम असा ठेवावा की गुंगी दिली जाईल त्याच वेळी प्रथम उजवा खूर साफ करून तळ नीट तपासला जाईल, आत पू किंवा रुतलेला खडा आहे का ते पाहिले जाईल आणि त्यानंतरच दोन्ही खूर तासले जातील. लंगडेपणाची तपासणी मात्र गुंगी देण्याआधी, कडक जमिनीवर सरळ चालवून आणि हळू दौडवून करावी लागेल, कारण औषध चढल्यावर चाल समजत नाही. म्हणून येणाऱ्या डॉक्टरांना ही निरीक्षणे आधीच कळवावीत. चालताना समोरून कोणाला तरी चित्रफीत काढायला सांगावे आणि मागूनही एक काढावी.

तोपर्यंत वेळूची काठी जरूर सुरू करावी, पण पाय उचलण्याचा भाग सोडून. उभे राहण्याची जागा कोरडी ठेवावी. दुखणारा पाय बरा होईपर्यंत डावा पाय मागू नये. उजवा पाय ती स्वतःहून देऊ लागली, तर घ्यावा आणि लगेच खाली ठेवावा. ज्या दिवशी इंजेक्शन असेल त्या दिवशी तट्टू तिच्या नजरेसमोर बांधून ठेवावे, आणि तुम्ही स्वतः तिच्या डोक्यापाशी न थांबता दुसऱ्या कोणाला उभे करावे.

धागाकर्ती (वाई)

तसेच करते. येत्या आठवड्यात डॉक्टर आणि नालबंद एकाच दिवशी येतील असे ठरवले आहे. उजव्या खुराच्या तळात काय सापडते ते इथेच कळवीन. फलटणकर काका, तुमच्या घरच्या घोड्यांना पावसाळ्यात खुरांच्या तळाला तुम्ही काय लावता, तेवढे लिहिले तर उपयोग होईल. आमच्याकडे गोठ्यात फरशी नाही, मुरूम आहे.