पहिल्याच रविवारची तिकिटं काढा

'मोठ्या पडद्यावर हॉलिवूडचे ॲक्शनपटच बघावेत, मराठी काय, दोन महिन्यांत घरी बघता येतो' हे इथे मराठी सिनेमांवरच्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. एप्रिल-मे हा मराठीचाही हक्काचा मोसम आहे. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ चा, 'आता थांबायचं नाय' १ मे २०२५ चा. हा दुसरा मी नाशिकमध्येच रविवारी भर दुपारी पाहिला. सफाई कामगार दहावीच्या परीक्षेला बसतात तेव्हा पुढच्या रांगेतल्या मावशी डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. घरी टीव्हीसमोर हे होत नाही.

आणि एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. सिनेमा बहुतेक शुक्रवारी लागतो आणि पुढच्या आठवड्यात त्याला किती खेळ द्यायचे हे शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर ठरतं. 'लोक काय म्हणतात बघू, मग जाऊ' म्हणेपर्यंत मराठीला सकाळचा नाहीतर रात्री उशिराचा एखादा खेळ उरतो. नाशिकच्या सिडको-पंचवटीहून म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन त्या वेळेला कोण जाणार? दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात तरी हे होऊ नये (त्यांचा 'राजा हरिश्चंद्र'ही ३ मे १९१३ चा, ऐन उन्हाळ्यातलाच). ट्रेलर आवडला असेल तर परीक्षणांची वाट न बघता पहिल्याच रविवारी घरच्यांना घेऊन जा.