जुनी फ्रेंच आणि ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सची भाषा) यांत पीएचडी: तयारी कशी?

प्रश्न: आधुनिक फ्रेंच उत्तम येते. आधी काय शिकावं?

उत्तर १: लॅटिन, कारण जुन्या फ्रेंचची विभक्ती तिथूनच आली. जुन्या फ्रेंचमध्ये ‘म्यूर्स’ म्हणजे एकच भिंत, कर्ता म्हणून. कर्म असेल तर ‘म्यूर’. अनेकवचनात नेमकं उलट! शेवटचा ‘स’ दिसला की सवयीने अनेकवचन धरलं जातं आणि कोणी कोणाला मारलं, तेच फिरतं.

उत्तर २: सहमत. हस्तलिखित वाचनही हवंच, कारण लेखनिक शब्द आखूड करून लिहीत. ‘पी’ (p) अक्षराच्या खालच्या दांडीवर आडवी रेघ म्हणजे ‘पेर’ किंवा ‘पार’, डोक्यावर रेघ म्हणजे ‘प्रे’. संक्षेप सोडवून भरलेली अक्षरं तिरक्या ठशात ठेवा, नाहीतर लेखनिकाचं कोणतं नि तुमचं कोणतं, कळत नाही.

उत्तर ३: वाचण्यापुरती जर्मन शिकाच; टोबलर-लोमाच हा जुन्या फ्रेंचचा मोठा कोश जर्मनमध्ये आहे. निव्वळ मध्ययुगीन विषय शिकवण्याच्या नोकऱ्या मोजक्याच, त्यामुळे आधुनिक भाषा शिकवायचीही तयारी ठेवा.